माझा आवडता प्राणी, आणि मधला परिच्छेद

बसा. खिडकीपाशी घुटमळताय ते दोघेही बसा. पंखा बंदच राहू दे. पंख्याच्या आवाजात बाईंचं ऐकू आलं नाही, हा बहाणा तुमच्यातल्या काहींच्या आईवडिलांनीही याच वर्गात मला सांगितलेला आहे.

मराठीच्या बाई रजेवर आहेत, म्हणून निबंधाच्या 42 वह्या माझ्या गळ्यात पडल्या. विज्ञानाची बाई वेलांट्या-उकार कुठे बघणार, असं समजून खूश झाला असाल. बरोबर आहे, नाही बघितले. विषय ‘माझा आवडता प्राणी’, आणि मी काल रात्री त्यातले मेलेले प्राणी मोजत बसले होते. वीसच्या पुढे गेल्यावर मोजणं सोडलं.

शेवट सगळ्यांचा एकच. ‘पण एके दिवशी तो देवाघरी गेला. मला त्याची खूप आठवण येते.’ ठीक. गेला कसा? ते कुणी लिहीत नाही. म्हणजे लिहिता, पण आपण लिहिलंय हे तुम्हाला कळत नाही. मधल्या परिच्छेदात, ‘आम्ही त्याचे खूप लाड करतो’ याच्या खालीच, मरणाचं कारण तुमच्या सुवाच्य अक्षरात पडलेलं आहे. तेवढं मी आज वाचून दाखवणार. नाव घेणार नाही. ज्याची वही त्याला कळेल.

ही पहिली. ‘माझा गोल्डफिश गोल काचेच्या भांड्यात राहतो. दर रविवारी मी सगळे पाणी ओतून देतो आणि भांडे साबणाने चकचकीत घासतो.’ पुढची ओळ: ‘आतापर्यंत मी सात गोल्डफिश आणले.’ अरे, सात आणलेस म्हणजे सहा मारलेस! आणि पेन जरासुद्धा अडखळलं नाही. माशाच्या घाणीतून, उरलेल्या खाण्यातून पाण्यात अमोनिया तयार होतो. तो विषारी. टाकीतल्या खड्यांवर, फिल्टरच्या स्पंजावर जे जिवाणू वाढतात ते त्या अमोनियाचं नायट्राइट करतात, मग नायट्रेट. मागच्या चाचणीत नायट्रोजन चक्र होतं. तू बाणांसकट काढलंस, रंगीत पेन्सिलीने. आणि घरी जाऊन तेच चक्र दर रविवारी घासून गटारात ओतलंस. आठवड्याला पाव भाग पाणी बदलायचं. साबण टाकीच्या आसपाससुद्धा न्यायचा नाही. नवं पाणी नळाचं असो की टँकरचं, बादलीत दिवसभर उघडं ठेवायचं म्हणजे त्यातला क्लोरीन उडून जातो. खाणं दोन मिनिटांत संपेल एवढंच. आणि ते गोल भांडं भंगारवाल्याला द्या, कारण फिल्टर लावलेल्या लांबट टाकीत नीट जगला तर गोल्डफिश वितीएवढा होतो आणि दहा वर्षं सहज काढतो. तुमच्याकडे तो वितीएवढा कधी झालाच नाही, मग तुम्हाला कसं माहीत असणार?

कासववाल्यांनी दात काढू नयेत. डोळ्यामागे लाल पट्टा असलेलं ते कासव अमेरिकेतलं आहे. दुकानदाराने ‘एवढंच राहतं’ म्हणून नाण्याएवढं पिल्लू हातात ठेवलं आणि तुम्ही विश्वास ठेवलात. ते ताटलीएवढं होतं, वीस-तीस वर्षं जगतं. मग काय, ‘बाबांनी त्याला वऱ्हाळा तलावात सोडून स्वातंत्र्य दिले.’ हे वाक्य पंधरा ऑगस्टच्या भाषणाला ठेव. तलावातली आपली कासवं, मासे, बेडकांची पिल्लं, त्यांनी काय पाप केलं होतं? हे कासव घरी असेल तर घरीच ठेवायचं, आणि हाताळल्यावर दर वेळी साबणाने हात धुवायचे. त्याच्या अंगावर साल्मोनेला असू शकतो आणि घरात रांगणारी पोरं आहेत.

तीन वह्यांत मिठू आहे. हिरवा, लाल चोचीचा, पंख कापलेला. हा आपला देशी पोपट पिंजऱ्यात ठेवणं 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. ‘बाई, पण बाजारात मिळतो.’ मिळतो. म्हणून काय झालं? आता घाबरून घरी जाऊन दार उघडून उडवू नका, पंख कापलेल्या पोपटाला कावळे गल्लीच्या टोकापर्यंत जाऊ देणार नाहीत. वनखात्याच्या 1926 या क्रमांकावर फोन करायचा. दुकानात ‘लव्हबर्ड’ म्हणून जोडीने मिळतात ते बहुतेक बजरीगर, ऑस्ट्रेलियातले. ते ठेवा हवे तर. नुसत्या दाण्यांवर ठेवू नका, पालेभाजी द्या, आणि पिंजरा स्वयंपाकघरातून काढा. नॉनस्टिक तवा फार तापला की त्यातून निघणारा वायू तुम्हाला जाणवतही नाही, त्यांना काही मिनिटांत मारतो. गच्चीवर कबुतरं पाळणाऱ्यांनी खुराडं कोरडं झाडायचं नाही. आधी पाणी शिंपडायचं, नाकाला फडकं बांधायचं. आजोबांचा खोकला वर्षभर जात नाही असं ज्याने लिहिलंय, त्याने आजोबांना डॉक्टरकडे नेताना घरात कबुतरं आहेत हे डॉक्टरला सांगायचं. ते कुणी सांगत नाही.

ससा. ‘मी त्याला कानांना धरून उचलते आणि गाजर भरवते.’ एका वाक्यात दोन गुन्हे. कान म्हणजे पिशवीचे बंद नव्हेत. एक हात छातीखाली, एक पाठीमागून बुडाखाली, असा उचलायचा. सशाचे दात जन्मभर वाढतात, ते झिजायला दिवसभर गवत चघळावं लागतं. ताटात ऐंशी टक्के गवत, थोडी पालेभाजी, आणि गाजर म्हणजे तुमच्या घरचं श्रीखंड, सणासुदीला. तबेल्यांना सुकं गवत पुरवणारे आपल्या भिवंडी तालुक्यात ढिगाने आहेत, त्यातलं स्वच्छ, बुरशी न आलेलं मूठभर कुणीही देईल. आणि हे पाठ करा: ससा दहा-बारा तास काही खात नसेल, लेंड्या टाकत नसेल, तर ‘उद्या बघू’ म्हणायचं नाही. त्याची आतडी थांबली की तो उद्या नसतो.

आता कुत्रेवाले. तुमचा गठ्ठा सगळ्यात जाड आहे.

‘आमचा टायगर दूध-चपाती आणि बिस्किटे खातो. गटारीला त्याचीही मजा असते.’ मजा! शिजलेल्या कोंबडीचं हाड चावलं की त्याच्या टोकदार कपच्या होतात, त्या घशात रुततात नाहीतर आतडं फाडतात. रश्शातल्या कांदा-लसणाने त्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. द्राक्षं, शिऱ्यातल्या मनुका मूत्रपिंडं बंद पाडू शकतात. चॉकलेट हृदयावर जातं. तुम्ही जेवता तेच त्याला देणं याला तुम्ही समानता समजता. भात, उकडलेलं अंडं, बिनमसाल्याचं बोनलेस चिकन, एखादी भाजी, हे जमण्यासारखं आहे ना घरात?

‘तो एक महिन्याचा असताना आणला.’ का? आईजवळ दोन महिने राहायला हवं पिल्लानं. ‘त्याला रक्ताची हगवण लागली. आम्ही त्याला दहीभात दिला. तिसऱ्या दिवशी...’ पुढचं तुम्हाला पाठ आहे. त्या रोगाचं नाव बहुतेक पार्व्हो. त्याची लस मिळते. सहा ते आठ आठवड्यांचं झालं की पहिली, मग दर तीन-चार आठवड्यांनी पुढची, सोळा आठवड्यांचं होईपर्यंत. रेबीजची तीन महिन्यांनी आणि पुढे डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे, बहुधा दरवर्षी. पट्टा, घुंगरू, ‘टायगर’ लिहिलेली पितळी पट्टी, सगळं आणलंत. लस आणायची राहिली.

काल्हेर-राहनाळ-पूर्णा बाजूची मुलं, ज्यांचे वडील गोदामांवर आहेत, ती इकडे बघा. गोदामाचा कुत्रा एप्रिल-मे महिन्यात पत्र्याच्या भिंतीशी साखळीने बांधलेला असतो. तुम्हाला घाम येतो. त्याला तुमच्यासारखा येत नाही, तो धापा टाकून अंग थंड करतो. पत्र्याखालची हवाच भट्टीसारखी असेल तर धापा टाकून काय थंड करणार? सावली, मोठ्या भांड्यात पाणी आणि साखळीऐवजी लांब दोरी मागितली, तर कुणाचं दिवाळं निघत नाही. जीभ जांभळी, लाळ घट्ट, चालताना झोकांड्या, असं दिसलं तर अंगावर साधं पाणी ओतत, वारा घालत डॉक्टरकडे न्यायचं. आणि खरूज झालेल्या कुत्र्याला ट्रकचं जळकं ऑईल फासणं बंद. ‘ड्रायव्हर काकांनी ऑईल लावले, किडे मेले.’ किडे मेले की नाही ठाऊक नाही, ते ऑईल त्याच्या कातडीतून आत जातं, तो चाटतो तेव्हा पोटात जातं, आणि यकृत, मूत्रपिंड नासतात. गोचीड नखाने चिरडायची नाही, रॉकेल ओतायचं नाही. चिमट्याने कातडीलगत धरून सरळ उपटायची, आणि डॉक्टरने दिलेलं औषध वजनानुसार. हिरड्या पांढऱ्या पडल्या, नाकातून रक्त आलं, तर तो गोचीडताप असू शकतो. कधी पाहिल्यात हिरड्या? ओठ उचलून बघायला काय जातं?

पावसाळ्यात कामवारी नदीचं पाणी तीनबत्तीपर्यंत येतं तेव्हा तुम्ही त्या पाण्यात कुत्र्याला घेऊन खेळता. तसा फोटो चिकटवलाय एकाने, निबंधाला. त्या पाण्यात उंदराचं मूत असतं, त्यात लेप्टो. कुत्र्यालाही होतो, तुम्हालाही होतो. कुत्र्याला लस आहे.

आणि चावा. इथे मी आवाज चढवणार आहे, तक्रार घरी करायची असेल तर खुशाल करा. ‘टायगरने मला चावले तेव्हा आजीने जखमेवर मिरची आणि चुना भरला. टायगर घरचाच असल्यामुळे इंजेक्शन घेतले नाही.’ घरचा! वर लिहिलंयस की टायगरला एकही लस दिलेली नाही आणि तो रात्री गल्लीतल्या कुत्र्यांशी भांडायला जातो. रेबीजला त्याचं रेशनकार्ड दाखवणार आहेस का? 1885 साली पाश्चरने रेबीजची लस पहिल्यांदा एका मुलाला दिली. नऊ वर्षांचा होता. तुमच्यापेक्षा लहान. त्याच्या वेळी तो सगळा जुगार होता, आणि तरीही त्याच्या आईने त्याला गाडीत घालून पॅरिसला नेलं. आज ती लस सरकारी रुग्णालयात फुकट मिळते आणि तुम्हाला कल्याण नाका ओलांडायचा कंटाळा. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस वाचत नाही, असंच समजून चाला. म्हणून लक्षणं दिसायच्या आधीच सगळं करायचं असतं. चावा असो, ओरखडा असो: वाहत्या पाण्याखाली, साबण लावून, पंधरा मिनिटं. घड्याळ लावून पंधरा. मिरची नाही, चुना नाही, हळद नाही, पट्टी करकचून बांधायची नाही. त्याच दिवशी रुग्णालय. रक्त आलं असेल तर लसीखेरीज जखमेत वेगळं इंजेक्शनही लागतं, ते डॉक्टर देतील, तुम्ही विचारायचं. आणि सगळे डोस पूर्ण करायचे. शेवटचा 28व्या दिवशी असतो, तोवर जखम भरलेली असते आणि तुम्ही विसरलेले असता.

आजी चुकली असं घरी जाऊन ओरडू नका. तिच्या वेळी तिला कुणी सांगितलं नाही. तुम्हाला मी सांगितलंय, म्हणून आता चुकी तुमची.

एका वहीवर मी ‘छान’ लिहिलंय, फक्त एका. चौथ्या बाकावरच्या मुलीची. ईदच्या पंधरा दिवस आधी घरी बकरा आणला, घरातला जो तो त्याला काहीतरी भरवत होता, पाव, पुलाव, आंब्याच्या साली. तिने लिहिलंय, ‘रात्री त्याची डावी कूस ढोलकीसारखी फुगली, तो दात खात होता आणि बसत-उठत होता. मी अब्बांना उठवले.’ ऐका. डावी कूस! बकऱ्याचं मोठं पोट, रुमेन, डावीकडे असतं, धान्य-पावाने ते आंबतं आणि गॅस डावीकडेच दिसतो. पुस्तकात न वाचता तिने पाहिलं, बाजूसकट लिहिलं, आणि मोठ्या माणसाला झोपेतून उठवायला भ्यायली नाही. शेजारी बाटलीने तेल पाजायला निघाले होते, ते फुप्फुसात जाईल म्हणून अब्बांनी पाजू दिलं नाही. डॉक्टर आले, बकरा वाचला. त्याला पुढे कुर्बानीलाच जायचं होतं, असं मागून कुणीतरी पुटपुटलं. मी ऐकलं. ज्याला जायचं आहे त्याचं तोवर पोट दुखत राहायचं, असा नियम कुठे आहे?

‘बाई, भिवंडीत जनावरांचे डॉक्टर कुठे?’ हे पाच जणांनी लिहिलंय. शोधलंत का? तालुक्याला सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना असतो. 1962 हा क्रमांक त्याच कामासाठी आहे. मोठं दुखणं असेल तर परळ. तिथलं बैलघोडा हॉस्पिटल तुमच्या पणजोबांच्याही आधीचं, 1880 च्या दशकातलं. नाव बाई साकरबाई दिनशा पेटिट. दिनशा पेटिट कोण होते माहीत आहे? कापड गिरण्यांचे मालक. कापडावर मिळवलेल्या पैशातून जनावरांचं इस्पितळ झालं, आणि ज्या गावात घरटी लूमचा खडखडाट आहे त्या गावातली मुलं मला विचारतात की डॉक्टर कुठे.

आता मांजरं.

दूध देऊ नका. होय, चित्रात बशीतलं दूध पितं, मला माहीत आहे. मोठ्या झालेल्या बहुतेक मांजरांना दुधातली साखर पचत नाही, जुलाब होतात. ‘आमचे मांजर शाकाहारी आहे’ असं अभिमानाने लिहिणाऱ्या घराने मांजर पाळू नये, ससा पाळावा. मांजराला मांसातलं टॉरीन लागतं, ते मिळालं नाही की डोळे जातात, हृदय थकतं. फरशी फिनाइलने पुसली तर वाळेपर्यंत त्याला बाहेर ठेवा, ते पंजे चाटतं. कुत्र्याचं गोचिडीचं औषध मांजराला लावायचं नाही, उरलंय म्हणून तर मुळीच नाही. बोका पुन्हा पुन्हा मातीत बसतोय, कण्हतोय, थेंबही येत नाही, तर बद्धकोष्ठ म्हणून एरंडेल पाजू नका, त्याची लघवी अडलेली असू शकते, आणि मग हातात एक दिवस असतो. आणि तापाची गोळी नाही. पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराला मारायला पुरते. मला कसं माहीत, विचारू नका. बी.एस्सी. झालेली, नोकरीला लागलेली बाई होते मी, आणि मांजराचं अंग गरम लागलं म्हणून अर्धी गोळी दुधात कालवली होती. दुसऱ्या दिवशी तोंड सुजलं, हिरड्या चॉकलेटी झाल्या. निबंध मीही लिहिला नाही त्यावर.

ही शेवटची वही. गठ्ठ्यात तळाशी होती. अक्षर सगळ्यात चांगलं, निबंधही सगळ्यात चांगला. पिल्लू बॉबिनमागे कसं धावायचं, आई कांड्या भरायला बसली की मांडीवर कसं चढायचं, धाग्याचं टोक पंजाने कसं ओढायचं. वाचताना मीसुद्धा हसले. मग मधला परिच्छेद. ‘त्याने दोन दिवस काही खाल्ले नाही, उलट्या केल्या आणि पलंगाखाली लपून बसले. तिसऱ्या दिवशी शेपटीखाली धागा लोंबताना दिसला. आम्ही तो हळूच ओढून काढला. तो खूप लांब होता.’

उभा राहू नकोस. बस. ऐक.

मांजराच्या जिभेवर काटे असतात, सगळे घशाकडे वळलेले. धागा एकदा जिभेवर अडकला की ते थुंकू शकत नाही, गिळतच जातं. धाग्याचं एक टोक जिभेच्या मुळाशी नाहीतर पोटाच्या तोंडाशी अडकतं, दुसरं आतड्यात पुढे सरकत राहतं. लेंग्याची नाडी ओढल्यावर कंबरेचं कापड कसं चुणतं? तसं आतडं चुणतं. आणि नाडी आणखी ओढली तर? ताणलेला धागा आतडं कापतो, आतून, करवतीसारखा. तुम्ही हळूच ओढलात, मला माहीत आहे. हळू ओढण्याने फरक पडत नाही. तोंडातून दिसो की शेपटीखालून, धागा ओढायचा नाही. काही भरवायचं नाही. तसंच उचलायचं आणि डॉक्टरकडे. बहुतेकदा पोट उघडावं लागतं, वेळेत नेलं तर वाचतं.

ही गोष्ट मी पहिलीपासून शिकवायला हवी होती या गावात. इथे ज्या घरात लूम नाही त्या घरात कांड्या आहेत, कांड्या नाहीत तिथे धागाकटिंगचे कपडे येतात, आणि गल्लीत पाय टाकू तिथे सूत लोळतंय. आणि मी तुम्हाला ध्रुवावरच्या अस्वलाचं अनुकूलन शिकवत बसले. तेवढं माझ्या खात्यात मांडा.

वह्या घेऊन जा. निबंध पुन्हा लिहायचा, पण बुधवारपर्यंत नाही, पुढच्या बुधवारपर्यंत. आठ दिवस रोज प्राण्यासमोर दहा मिनिटं बसायचं, हातात फोन नाही. पाणी किती प्यायला, काय खाल्लं, शी-शू कशी होती, हिरड्यांचा रंग काय. ‘गोंडस’ हा शब्द एकदाही आला तर वही परत.

तू थांब. तू निबंधाच्या शेवटी लिहिलंयस की त्याच मांजरीची दुसरी पिल्लं घरात आहेत, तीन. आज गेल्या गेल्या आईच्या कांड्यांच्या पाटीवर झाकण घाल. झाकण नसेल तर ताट उपडं ठेव, वर पाटा ठेव. मग पलंगाखालचं सूत वेच, शिलाईच्या डब्यातल्या सुया मोज. दप्तर नंतर काढ.